भूत खोटं, वाडा खरा

रहस्यकथेचं आयुष्य तसं एका वाचनापुरतंच असतं. खुनी कोण ते कळलं की पुस्तक पुन्हा हातात घ्यावंसं वाटत नाही. कुणी शेवट आधीच फोडला तर आपण चिडतो, कारण आपला सगळा जीव त्या शेवटात अडकलेला असतो. या हिशेबाने हॉलिवुडने १९२० आणि १९३० च्या दशकांत काढलेले भयरहस्यपट केव्हाच अडगळीत जायला हवे होते. त्यांचे शेवट बहुतेक तकलादू आहेत. जो पाहुणा सगळ्यांत सभ्य आणि मदतीला सगळ्यांत पुढे, त्याच्यावर पहिल्या वीस मिनिटांत संशय घ्यावा. नेम सहसा चुकत नाही. तरीही शंभर वर्षं होत आली, तरी लोक हे चित्रपट शोधून शोधून बघतात आणि संग्रहालयं त्यांच्या झिजलेल्या प्रती दुरुस्त करत बसतात. ज्यांना शेवट तोंडपाठ आहे तेही पुन्हा बघायला बसतात. माझ्या मते या चित्रपटांची खरी कमाई उत्तरात नाहीच, उत्तर मिळेपर्यंतच्या त्या एका रात्रीत आहे.

हा प्रकार नेमका काय, ते एका चित्रपटावरून पाहू. १९२७ सालचा 'द कॅट अँड द कॅनरी', हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओचा मूकपट. सायरस वेस्ट नावाचा गडगंज, विक्षिप्त म्हातारा हडसन नदीकाठच्या टेकडीवर राहतो. नातेवाईक त्याच्या पैशांवर टपलेले, पिंजऱ्यातल्या कॅनरीभोवती मांजरांनी घिरट्या घालाव्यात तसे. मरताना तो अट घालतो की आपलं मृत्युपत्र वीस वर्षांनी उघडायचं. वीस वर्षं सरतात. मध्यरात्री वारस गोळा होतात. घरात एकटी जुनी काळजीवाहू बाई. वकील मृत्युपत्र वाचतो तेव्हा कळतं की सगळी इस्टेट अ‍ॅनाबेल या तरुणीला मिळणार, पण तिचं डोकं ठिकाणावर असल्याचा निर्वाळा डॉक्टरने दिला तरच. ती वेडी ठरली तर दुसऱ्या पाकिटात ज्याचं नाव आहे त्याला सगळं मिळेल. म्हणजे आता कुणाला तरी तिला एका रात्रीत वेडी ठरवायचं आहे. तेवढ्यात वेड्यांच्या इस्पितळाचा पहारेकरी येऊन सांगतो, एक खुनशी रुग्ण पळालाय आणि तो याच आवारात शिरलाय. वकील अ‍ॅनाबेलला दुसऱ्या पाकिटातलं नाव सांगणार, इतक्यात त्याच्या पाठीमागची भिंत सरकते, एक हात बाहेर येतो आणि वकील गायब.

बघा, यात भूत कुठेच नाही. पण वीस वर्षं बंद असलेलं घर आहे, बारा वाजले आहेत, पैसा आहे आणि एकमेकांवर विश्वास नसलेले नातेवाईक आहेत. आपल्याकडच्या वाटणीच्या भांडणांची ज्यांना सवय आहे त्यांना यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको.

निर्मात्यांनाही हा मामला परवडायचा. एक घर, दहाबारा माणसं, एक रात्र. दुसरा देखावा उभारायची गरजच नाही. त्यामुळे मोठ्या स्टुडिओंपासून गल्लीबोळातल्या किरकोळ कंपन्यांपर्यंत सगळ्यांनी यावर हात मारला. १९३३ चा 'द व्हॅम्पायर बॅट' हा मॅजेस्टिक नावाच्या छोट्या कंपनीचा चित्रपट. तो युनिव्हर्सलचेच तयार सेट भाड्याने घेऊन रात्री चित्रित केला. 'फ्रँकेन्स्टाइन'साठी बांधलेलं गाव त्यात सरळ ओळखू येतं.

हा साचा मुळात नाटकवाल्यांचा. मेरी रॉबर्ट्‌स राइनहार्ट या अमेरिकेतल्या अतिशय लोकप्रिय रहस्यलेखिका. त्यांच्या १९०८ च्या 'द सर्क्युलर स्टेअरकेस' या कादंबरीतून, एव्हरी हॉपवुड या नाटककाराच्या साथीने, 'द बॅट' हे नाटक उभं राहिलं. ऑगस्ट १९२० मध्ये ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि त्याचे तिथे ८६७ प्रयोग झाले. उन्हाळ्यापुरती भाड्याने घेतलेली हवेली, तिच्यात एक न घाबरणारी वयस्क बाई, तिची फारच घाबरणारी मोलकरीण, लपवलेले पैसे आणि 'बॅट' या नावाने वावरणारा, चेहरा कुणीच न पाहिलेला चोर. १९२२ मध्ये जॉन विलर्डचं 'द कॅट अँड द कॅनरी' रंगभूमीवर आलं. मग असल्या नाटकांची रांगच लागली. दिवे जायचे, किंकाळी उठायची, दिवे यायचे तेव्हा एक माणूस कमी असायचा. नाट्यगृहात खरोखरचा अंधार करता येतो आणि त्या अंधारात प्रेक्षक स्वतःही बसलेला असतो, हे या नाटकांचं मोठं भांडवल. चित्रपटगृहात तीच सोय होती.

'द बॅट' पडद्यावर आणला रोलंड वेस्टने, १९२६ मध्ये मूकपट म्हणून. १९३० मध्ये त्यानेच तो पुन्हा केला, बोलपट म्हणून, 'द बॅट व्हिस्पर्स' या नावाने. हा दुसरा चित्रपट त्याने दोनदा चित्रित केला. एकदा नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर आणि एकदा रुंद पडद्यासाठी ६५ मिलिमीटरवर. रुंद पडद्याची यंत्रं बसवलेली चित्रपटगृहं मूठभर, आणि वर मंदीचा काळ. त्यामुळे तो प्रयोग तिथेच विरला. पण चित्रपट आज बघताना थक्क व्हायला होतं. छोट्या प्रतिकृतींचा वापर करून कॅमेरा गच्चीवरून खाली झेपावतो, झाडीतून घराकडे धावत जातो. त्या सुमाराचे बरेच बोलपट मायक्रोफोनभोवती घोळका करून उभे असत, हा पळतो. वटवाघळाच्या आकाराची सावली भिंतीवर पसरते ती पाहून काही आठवलं, तर ते बरोबर आहे. बॅटमॅनचा एक जनक बॉब केन याने या चित्रपटाचा प्रभाव मान्य केला होता. आणि शेवट झाल्यावर पडदा पडतो, चित्रपटातलाच एक नट समोर येतो आणि प्रेक्षकांना विनवतो की बॅट कोण हे बाहेर कुणाला सांगू नका.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. घाबरवणारं जे काही आहे, त्याचा शेवटी मानवी खुलासा होतो. भिंतीतला हात वारसाचा निघतो, पछाडलेला माणूस नाटक करत असतो, पिशाच्च म्हणजे मेकअप. ही पद्धत जुनी आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेने १७९४ च्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' या कादंबरीत वाचकाला शेकडो पानं घाबरवून शेवटी प्रत्येक चमत्काराचा हिशेब दिला होता. हॉलिवुडने तीच वाट धरली, कारण अमेरिकन प्रेक्षक आधुनिक आहे, खरं भूत त्याच्या गळी उतरणार नाही, असा स्टुडिओवाल्यांचा ठाम समज होता. जर्मनीत त्याच काळात पडद्यावर सरळ पिशाच्चं वावरत होती. अमेरिकेत मात्र भित्यापाठी ब्रह्मराक्षस, एवढंच.

याचा सगळ्यांत गाजलेला नमुना म्हणजे टॉड ब्राउनिंगचा 'लंडन आफ्टर मिडनाइट', १९२७. नायक लॉन चेनी. आईवडील दोघेही बहिरे असल्यामुळे चेहऱ्याने आणि हातांनी बोलणं तो घरातच शिकला होता, आणि मेकअप तर तो स्वतःच करायचा. या चित्रपटात तो उंच टोपीचा, कराकरा दात दाखवणारा, डोळे वटारलेला पिशाच्च आहे आणि तपास करणारा अधिकारीही तोच आहे. पिशाच्चांचा सगळा बनाव खुन्याला पकडण्यासाठी रचलेला. आता गंमत अशी, की हा चित्रपट आज अस्तित्वातच नाही. त्याची शेवटची ज्ञात प्रत एमजीएम स्टुडिओच्या कोठाराला १९६० च्या दशकात लागलेल्या आगीत गेली. उरली ती स्थिरचित्रं. २००२ मध्ये ती क्रमाने लावून एक जुळणी तयार करण्यात आली. २०१४ मध्ये या चित्रपटाचं एक मूळ पोस्टर लिलावात ४,७८,००० डॉलरला गेलं. आग लागण्याआधी ज्या मोजक्या अभ्यासकांनी तो पाहिला होता, त्यांना ब्राउनिंगनेच १९३५ मध्ये केलेली त्याची पुनर्निर्मिती अधिक चांगली वाटली होती. ती बेला लुगोसी या नटाची 'मार्क ऑफ द व्हॅम्पायर', आजही उपलब्ध आहे. पण लोकांना ओढ हरवलेल्या चित्रपटाचीच. चित्रपट मिळाला तर बऱ्याच जणांचा हिरमोड होईल असं मला वाटतं. त्या दातांच्या छायाचित्रापुढे कुठलीही कथा तोकडीच पडणार.

खरं भूत आलं ते फेब्रुवारी १९३१ मध्ये. 'ड्रॅक्युला', दिग्दर्शक तोच ब्राउनिंग, मुख्य भूमिकेत लुगोसी. यात शेवटपर्यंत कुणी मुखवटा काढत नाही. पिशाच्च हे पिशाच्चच. प्रेक्षक हसला नाही, घाबरला, आणि तिकिटं विकली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'फ्रँकेन्स्टाइन' आला आणि मग राक्षसांचा वेगळा रस्ताच तयार झाला. मूळ 'ड्रॅक्युला'च्या शेवटीही एक जण पडद्यापुढे येऊन बोलत असे: घरी जाऊन दिवे मालवल्यावर भीती वाटली तर स्वतःला सावरा आणि लक्षात ठेवा, अशा गोष्टी खरंच असतात! पुढे पुनर्प्रदर्शनाच्या वेळी तो भाग कापून टाकला. एका वर्षाच्या आत दोन चित्रपटांच्या शेवटी दोन माणसं पडद्यापुढे येतात. एक म्हणतो गुपित फोडू नका, दुसरा म्हणतो हे खरं आहे. दोन्ही प्रकारांतला फरक याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

आता भीती तयार कशी होते, ते जवळून बघू. त्यासाठी पुन्हा 'द कॅट अँड द कॅनरी'कडे जावं लागेल. त्याचा दिग्दर्शक पाउल लेनी जर्मन, मूळचा चित्रकार आणि नेपथ्यकार. युनिव्हर्सलचे मालक कार्ल लेमली हेही मूळचे जर्मनीचेच, त्यांनी त्याला अमेरिकेत आणलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रपटांत वाकड्या भिंती आणि रंगवलेल्या सावल्या यांचं वेड होतं. माणसाच्या मनातली पडझड घराच्या आकारात दाखवायची. लेनीने ते वेड हॉलिवुडच्या गोष्टीत मुरवलं, आणि वर विनोदाची फोडणी दिली.

सुरुवातीलाच एक हात जळमटं पुसतो आणि खालून चित्रपटाचं नाव उघडतं. मग म्हाताऱ्या सायरसच्या वाड्याचे मनोरे दिसतात, ते बघता बघता औषधाच्या प्रचंड बाटल्या होतात. त्या बाटल्यांत आरामखुर्चीत बसलेला इवलासा सायरस, आणि बाहेरून त्याच्यावर पंजे उगारणारी महाकाय काळी मांजरं. हे सगळं एकाच चौकटीत, एकावर एक चित्रण करून. संगणक नाही, काही नाही. तीच फिल्म पुन्हा मागे नेऊन तिच्यावर पुन्हा चित्रण करायचं, चुकलं तर सगळंच वाया. आजारी माणसाला नातेवाईक कसे दिसत असतील हे सांगायला एरवी तीन प्रवेश लागले असते.

पुढे घरातला लांबलचक बोळ येतो. एका बाजूला उंच खिडक्या ओळीने, त्यांचे पांढरे पडदे वाऱ्याने आत उडतायत, आणि मधून ती काळजीवाहू बाई हातात दिवा घेऊन येते. घडत काहीच नाही. कॅमेरा मात्र चोरासारखा सरकत राहतो, कधी हातातल्या टॉर्चच्या उजेडाबरोबर, कधी कुणाच्याच नजरेने नाही. हा 'कुणाच्याच नजरेने नाही' प्रकार महत्त्वाचा. घरच आपल्याकडे बघतंय असं वाटायला लागतं. नंतर अ‍ॅनाबेल झोपलेली असताना तिच्या उशामागच्या भिंतीतून एक वाळका, नखं वाढलेला हात हळूहळू खाली येतो आणि तिच्या गळ्यातला हार ओरबाडतो. तो हात कुणाचा हे माहीत असतानाही तो प्रसंग चालतो. कारण भीती हात कुणाचा यात नाहीच. आपल्याला हात दिसतोय आणि तिला दिसत नाही, त्या अंतरात आहे.

मूकपटात आवाज नाही, म्हणून लेनीने अक्षरांना कामाला लावलं. घाबरलेल्या माणसाचं वाक्य पडद्यावर येतं तेव्हा अक्षरंही थरथरतात, मोठी होतात. हा माणूस पुढे काय काय करता झाला असता कोण जाणे. दाताचं दुखणं अंगावर काढल्यामुळे रक्तात विष भिनून तो २ सप्टेंबर १९२९ रोजी गेला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याच्याच १९२८ च्या 'द मॅन हू लाफ्स'मधल्या कायम हसऱ्या चेहऱ्यावरून पुढे जोकर सुचला. बॅटमॅन आणि जोकर दोघांचीही नाळ या चार वर्षांतल्या चित्रपटांशी जुळलेली आहे.

बोलपट आले आणि भयपटाला दोन नवी हत्यारं मिळाली: किंकाळी आणि शांतता. सुरुवातीच्या बोलपटांत पार्श्वसंगीत फारसं नसे. 'ड्रॅक्युला'त नामावलीला 'स्वान लेक'चे सूर वाजतात आणि नंतर बराच वेळ नुसतं रिकामेपण. काहींना ते कंटाळवाणं वाटतं. मला ते आवडतं. पायऱ्या, दार, लुगोसीचं थांबत थांबत बोलणं, सगळं त्या पोकळीत पडतं. त्याच सुमारास ब्राउनिंगने केलेला १९२९ चा 'द थर्टीन्थ चेअर' कोलकात्यात घडतो, इंग्रजांच्या घरात. अंधाऱ्या खोलीत सगळे एकमेकांचे हात धरून मृतात्म्याला बोलावतात आणि दिवा लागतो तेव्हा एक जण मेलेला. हे कोलकाता अर्थात कॅलिफोर्नियात बांधलेलं.

रंगही याच घाईत आले. वॉर्नर कंपनीसाठी मायकल कर्टिझने 'डॉक्टर एक्स' (१९३२) आणि 'मिस्ट्री ऑफ द वॅक्स म्युझियम' (१९३३) हे दोन चित्रपट दोनरंगी टेक्निकलरमध्ये केले. हे तंत्र असं: कॅमेऱ्यातला लोलक येणारा प्रकाश दोन वाटांनी फोडतो, एक लाल छटांची नोंद घेते, दुसरी हिरव्या. निळ्याची नोंद कुठेच नाही. त्यामुळे आकाश खरं दिसत नाही, गवत खरं दिसत नाही. पण कातडी पिवळट गुलाबी आणि सावल्या शेवाळी हिरव्या. निसर्गाला हे रंग निरुपयोगी, प्रेतागाराला मात्र मापून शिवल्यासारखे. शिवाय या तंत्राला प्रचंड उजेड लागे. त्या दिव्यांच्या उष्णतेने संग्रहालयातले मेणाचे पुतळे वितळायला लागले, तेव्हा कित्येक ठिकाणी पुतळ्यांच्या जागी जिवंत माणसं न हलता उभी केली. नीट पाहिलंत तर एखाद्या 'पुतळ्या'ची पापणी लवताना दिसते.

दोन्ही चित्रपटांत लायनेल अ‍ॅटविल आणि फे रे आहेत. फे रे म्हणजे 'किंग काँग'च्या मुठीतली तीच. मेणाच्या चित्रपटात ती अ‍ॅटविलच्या चेहऱ्यावर ठोसे मारते आणि चेहरा चक्क तडकतो. खालून भाजलेलं, सुरकुतलेलं तोंड बाहेर येतं. इथे खुलासाच भुताहून भयंकर आहे, म्हणून हा शेवट तकलादू म्हणता येत नाही. दोन्हींत एकेक तोंडाळ बातमीदारही आहे. पैकी ग्लेंडा फॅरेलची बातमीदारीण मला दोन्ही चित्रपटांतल्या सगळ्या शास्त्रज्ञांपेक्षा हुशार वाटते. मेणाचा चित्रपट कैक वर्षं हरवला असं समजलं जात होतं. १९७० च्या सुमारास जॅक वॉर्नरच्या खासगी संग्रहात एक प्रत मिळाली.

आणि आता ज्याच्यावरून या सगळ्या प्रकाराला नाव मिळालं तो, १९३२ चा 'द ओल्ड डार्क हाउस'. दिग्दर्शक जेम्स व्हेल, 'फ्रँकेन्स्टाइन'वाला. मूळ कादंबरी जे. बी. प्रीस्टली यांची. वेल्सच्या डोंगरात मुसळधार पाऊस, दरड कोसळते, मोटारीतले तिघे वाटेतल्या एकमेव घराचं दार ठोठावतात. दार उघडतो बोरिस कार्लोफ, मुका, दाढीवाला, अंगावर जखमांचे व्रण. तो काहीतरी गुरगुरतो. पाहुण्यांतला एक म्हणतो, वेल्श भाषा झाली तरी तिने इतकं वाईट वाजू नये.

घरात बहीण-भाऊ. भाऊ होरेस हाडकुळा, घाबरट आणि कुजकट. बहीण रेबेका बहिरी आणि देवभोळी. 'बिछाने मिळणार नाहीत' हेच तिचं पालुपद. आत येऊन बघता काय, तर जेवणाचं टेबल. उकडलेले बटाटे, मांस, लोणच्यातले कांदे. होरेस प्रत्येकाला बटाटा घ्यायचा आग्रह करतो, आणि अर्नेस्ट थेसिजरने ते एक वाक्य असं म्हटलंय की बटाटा हीच धमकी वाटावी. बाहेर वादळ, माळ्यावर कुणीतरी कोंडलेलं, आणि आपण एका बटाट्याला हसतोय. हसता हसता सावधपणा गळतो, आणि व्हेल नेमका तेव्हाच दार वाजवतो.

यातला एक प्रवेश मात्र हसू देत नाही. भिजलेली पाहुणी मार्गारेट कपडे बदलायला रेबेकाच्या खोलीत जाते. म्हातारी आपल्या तरुणपणी मेलेल्या बहिणीची, घरातल्या पापांची गोष्ट सांगत सुटते. तिचा चेहरा वाकड्या आरशात दिसतो, मेणबत्तीच्या उजेडात फाटतो. मग ती मार्गारेटच्या रेशमी कपड्याला हात लावते: उंची कापड आहे, पण कुजेल. मग तिच्या गळ्याखालच्या कातडीला बोट लावते: हे त्याहून उंची, पण हेही कुजेल. एवढंच. भूत नाही, सुरी नाही. नव्वद वर्षांत असंख्य भयपट आले, पण त्या बोटाइतका थंड स्पर्श मला फार थोड्यांत सापडला.

मार्गारेट झालेली ग्लोरिया स्टुअर्ट हिने व्हेलला विचारलं होतं, बाकी सगळे ओल्या कपड्यांत असताना मीच एकटी झुळझुळीत पोशाख का घालू? व्हेल म्हणाला, कार्लोफ तुला बोळांतून पळवेल तेव्हा तू पांढऱ्या ज्योतीसारखी दिसायला हवीस. त्याचं बरोबर होतं. ही ग्लोरिया स्टुअर्ट तुम्ही पाहिलेली आहे. १९९७ च्या 'टायटॅनिक'मधली म्हातारी रोझ तीच.

व्हेल आणि प्रीस्टली दोघेही पहिल्या महायुद्धातून परतलेले. व्हेल तर जर्मनांच्या कैदेत होता. चित्रपटातला पेंडरेल हा तरुणही युद्धातून आलेला, कशावरच विश्वास न उरलेला. वाड्यातली म्हातारी पिढी वेडी, कोंडलेली आणि देवाच्या नावाने ओरडणारी. तरुण पिढी बाहेर पावसात. हे डोक्यात ठेवून पाहिलं तर हा सगळा खेळ नुसत्या भीतीचा राहत नाही. हा चित्रपटही जाता जाता वाचला. हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर तो दिसेनासा झाला होता. कर्टिस हॅरिंग्टन या दिग्दर्शकाने, जो व्हेलला ओळखत होता, युनिव्हर्सलच्या मागे लागून लागून १९६८ मध्ये त्याची निगेटिव्ह शोधून काढायला लावली.

१९३४ च्या जुलैपासून हॉलिवुडची सेन्सॉर संहिता कडकपणे लागू झाली आणि असल्या चित्रपटांचे दात बोथट झाले. उरला तो विनोद. १९३९ मध्ये 'द कॅट अँड द कॅनरी' पुन्हा आला तो बॉब होपला घेऊन. मग १९५७ मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना युनिव्हर्सलच्या जुन्या ५२ चित्रपटांचा एक गठ्ठा विकण्यात आला, आणि रात्री जागून ते बघणारी मुलांची नवी पिढी तयार झाली. १९६९ मध्ये 'स्कूबी-डू' सुरू झालं. कार्टून नेटवर्कवर ते पाहिलेल्या कुणालाही हा सगळा प्रकार आधीच पाठ आहे: ओसाड वाडा, भूत, पळापळ, आणि शेवटी मुखवटा ओढला की खाली गावातलाच कुणी लोभी माणूस. रॅडक्लिफबाईंची विद्या एका भित्र्या कुत्र्यापर्यंत पोचली.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. जर्मन चित्रपटसृष्टीतली एक फांदी हॉलिवुडला गेली तशी दुसरी मालाडला. बॉम्बे टॉकीजमध्ये म्युनिकहून आलेला योसेफ वीर्शिंग हा छायाचित्रकार होता, आणि १९४९ चा कमाल अमरोहींचा 'महल' त्याने चित्रित केला. ओसाड हवेली, नायकासारखंच हुबेहूब तैलचित्र, दिवा घेऊन फिरणारी, झोक्यावर दिसणारी आणि नाहीशी होणारी मुलगी. तिथेही शेवटी खुलासा आहे, तोही न्यायालयात. तो किती जणांना आठवतो? लताबाईंचं 'आयेगा आनेवाला' आणि तो झोका मात्र कुणी विसरलेलं नाही. पुढे १९६० च्या दशकातल्या हिंदी रहस्यपटांनी आणि मराठीत १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'ने हीच वाट तुडवली.

या जुन्या चित्रपटांत खटकणारं बरंच आहे, हेही सांगायला हवं. मनोरुग्ण म्हणजे खुनी, काळा किंवा पूर्वेकडचा नोकर म्हणजे हसायला किंवा संशयाला, हे त्यात सर्रास येतं. प्रेमप्रकरणं तर बहुतेक ठिकाणी नुसती भरताड. डोळेझाक करायची गरज नाही. त्या काळाचे लोक कशाला घाबरत होते याचाच तो पुरावा आहे.

सुरुवात करायची असेल तर 'द ओल्ड डार्क हाउस'पासून करा. जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि बोलपट असल्याने जड जात नाही. २०१७ मध्ये दुरुस्त केलेली प्रत उत्तम आहे. 'द कॅट अँड द कॅनरी' आता अमेरिकेत स्वामित्वहक्काबाहेर आहे, त्यामुळे नेटवर त्याच्या ढीगभर प्रती सापडतील. त्यांतल्या बऱ्याच धुरकट आणि भलत्या वेगाने पळणाऱ्या आहेत, वर कुठलंतरी संगीत चिकटवलेलं. मूकपट वाईट प्रतीत पाहिला तर तो चित्रपट वाईट आहे असाच समज होतो, तेव्हा थोडं शोधून दुरुस्त केलेली प्रतच घ्या. 'लंडन आफ्टर मिडनाइट' पूर्ण मिळतोय असं कुणी म्हणालं तर ती स्थिरचित्रांची जुळणीच आहे असं समजा. आणि 'द बॅट व्हिस्पर्स' रात्री लावणार असाल तर आवाज आधीच कमी करून ठेवा. बॅटचं काही नाही, त्यातल्या मोलकरणीच्या किंकाळ्यांनी शेजारी उठतील.